'नाही' ऐकण्याचाही हक्क असतो

(पुसद येथे पदवीच्या शेवटच्या वर्षातील आणि नुकत्याच पदवीधर झालेल्या तरुण-तरुणींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

 

संयोजकांनी मला विषय दिला होता, 'कॉर्पोरेट नोकरी कशी मिळवावी'. मी त्यांना म्हटलं, या विषयावर यूट्यूबवर रोज नवे व्हिडिओ पडतात आणि ते तुम्ही सगळ्यांनी बघितलेले आहेत. मी दुसऱ्या बाजूनं बोलतो. नोकरी मिळत नाही तेव्हा नेमकं काय होतं, यावर बोलतो. कारण पुढच्या दोन वर्षांत तुम्हाला 'हो' एखाद-दुसऱ्या वेळी ऐकू येईल. 'नाही', किंवा त्याहून वाईट म्हणजे काहीच नाही, हे पन्नास-शंभर वेळा वाट्याला येईल. या पन्नास-शंभर वेळांबद्दल आपल्या घरात, मोहल्ल्यात कुणी बोलत नाही. लग्नाच्या दावतीत चाचा विचारतात, "बेटा, लगा क्या कहीं?" आपण म्हणतो, "चल रहा है, चाचा." तिथे विषय संपतो.

आज तो थोडा पुढे नेऊ या.

सात आठवडे आणि तीन शब्द

मी याच जिल्ह्यातला, दारव्हा तालुक्यातला. वडिलांचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान. सातवीपर्यंत उर्दू शाळा, मग मराठी माध्यम, मग जिल्ह्यातल्याच कॉलेजातून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग. पुण्यात एका छोट्या कंपनीत लागलो. चार वर्षं तिथे काम केल्यावर एका मोठ्या बहुराष्ट्रीय कंपनीत अर्ज केला. तिचं नाव सांगत नाही. गोष्ट त्या एका कंपनीपुरती नाही.

आधी ऑनलाइन चाचणी, नव्वद मिनिटांची. मग घरी करायचं काम. मेलमध्ये लिहिलं होतं, साधारण चार तास लागतील. मला तीन रात्री लागल्या, कारण दिवसा नोकरी होती आणि ते काम मुळात चार तासांचं नव्हतंच. मग दोन तांत्रिक मुलाखती. त्यातली दुसरी इतकी छान झाली की मुलाखत घेणारा शेवटी त्यांच्याच सिस्टिममधली एक अडचण सांगायला लागला आणि आम्ही दोघं मिळून ती सोडवत बसलो. मग मॅनेजरची फेरी, मग एचआरची. या सगळ्याला सात आठवडे लागले.

एचआरच्या मॅडमनी फोनवर सांगितलं, "अभिनंदन, टीमला तुम्ही पसंत आहात." पगाराचा आकडा ठरला. तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, पदवीचं प्रमाणपत्र, सगळं मागवलं. मी त्याच दिवशी पाठवलं. "ऑफर लेटर दोन दिवसांत येईल," त्या म्हणाल्या.

दोन दिवस झाले. आठवडा झाला. मी मेल केला, उत्तर नाही. फोन केला, कुणी उचलला नाही. दहा दिवसांनी पुन्हा मेल, पुन्हा तेच. कंपनीच्या वेबसाइटवर माझ्या अर्जासमोर 'विचाराधीन' असं दिसत होतं. रोज सकाळी उठलो की आधी ते पान उघडायचो. पाचव्या आठवड्यात एका सकाळी तिथे दिसलं, 'आता विचाराधीन नाही'. सात आठवड्यांच्या प्रक्रियेचं उत्तर तीन शब्दांत, तेही मी स्वतः जाऊन बघितलं म्हणून.

अम्मीनं तोवर खाला आणि फुफीला फोन करून टाकले होते. तेच फोन पुन्हा करून 'नहीं हुआ' सांगणं तिला फार जड गेलं.

आता यातली एक गोष्ट मुद्दाम मागे ठेवली होती, ती सांगतो. मॅनेजरच्या फेरीत साहेबांनी विचारलं होतं, "शुक्रवारी दुपारी आमची आठवड्याची मीटिंग असते. तुम्हाला काही अडचण नाही ना?" मी म्हटलं, "नाही, वेळ जुळवून घेईन." तेव्हा मला त्यात काही खटकलं नव्हतं. पण पाच आठवडे समोरून आवाज आला नाही की माणूस प्रत्येक वाक्य उलटसुलट करून बघतो. हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारत असतील का? माझी सोय बघण्यासाठी विचारला होता, की मी सोयीचा आहे का हे बघण्यासाठी?

मित्रांत दोन पक्ष पडले. खोलीवरचा एक म्हणाला, "नाम देखके उडाया रे, सीधी बात है." दुसरा, तोही आपलाच, म्हणाला, "हर बात में मजहब मत ला. कुछ कम पड़ा होगा तेरा." त्याच सुमाराला त्या कंपनीनं नवी भरती थांबवल्याची चर्चाही कानावर आली.

खरं कारण काय होतं? आजही मला माहीत नाही. दोन्ही मित्र खात्रीनं बोलत होते आणि पुरावा दोघांकडेही नव्हता. कंपनीनं दोन ओळी लिहिल्या असत्या, 'जागा रद्द झाली' किंवा 'दुसरा उमेदवार घेतला', तर मी एक दिवस उदास राहून पुढे गेलो असतो. उत्तरच आलं नाही, म्हणून नोकरी तर गेलीच, पण ती का गेली हे कळायची वाटही बंद झाली. माझं आजचं सगळं बोलणं या बंद वाटेबद्दल आहे.

टेबलाच्या पलीकडून

आता मी दुसऱ्या एका कंपनीत आहे आणि काही वर्षं स्वतः मुलाखती घेतो. तिकडून काय दिसतं ते सांगतो, म्हणजे तुमच्या डोक्यातली निम्मी भुतं पळतील.

तुमचा अर्ज आधी एका सॉफ्टवेअरमध्ये जातो. भरतीवाले त्याला एटीएस म्हणतात. अनेकांना वाटतं की हे यंत्र आपला रेझ्युमे वाचतं आणि फेकून देतं. बहुतेक वेळा अर्ज गळतो तो फॉर्ममधल्या साध्या प्रश्नांवर. अनुभव किती, नोटीस पीरियड किती, शहर बदलाल का. नव्या पदवीधरांसाठी अनेक मोठ्या आयटी कंपन्या अट घालतात की दहावी, बारावी, पदवी तिन्हीकडे साठ टक्के हवेत आणि शिक्षणात खंड नको. बारावीला अठ्ठावन्न टक्के असतील तर तुमचा कोड कितीही चांगला असू द्या, तो कुणी उघडणार नाही. ही अट कुणाचं नाव बघत नाही. पण ती कुणाला आडवी येते ते आपल्या जिल्ह्यात दिसतं. घरात पहिल्यांदा कॉलेजात गेलेल्याला, मधेच माध्यम बदललेल्याला, वडिलांच्या आजारपणात एक वर्ष दुकानावर बसलेल्याला. त्यात कोलाम आहे, बंजारा आहे, बौद्ध आहे, मुसलमान आहे, कोरडवाहू कापसावर जगणाऱ्या कुणब्याचा पोरगाही आहे.

त्यानंतर रिक्रूटर. एकेका जागेला शेकडो अर्ज येतात. तो वरून वाचत येतो आणि दहा बरे मिळाले की थांबतो. अकरावा अर्ज त्यानं नाकारलेला नसतो, वाचलेलाच नसतो. म्हणून जाहिरात आल्याच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी केलेला अर्ज आणि पंधराव्या दिवशी केलेला अर्ज यांचं नशीब वेगळं असतं.

पुढे कधी बजेट कापलं जातं आणि मुलाखती झालेली जागाच रद्द होते. कधी आतल्याच माणसाला ती द्यायचं ठरतं. कधी रिक्रूटर स्वतःच नोकरी सोडतो आणि त्याचे उमेदवार अधांतरी राहतात. आणि 'नाही' सांगायला कुणालाच आवडत नाही. कारण लिहून दिलं तर उद्या वाद होईल, ही भीतीही असते. म्हणून सगळ्यात सोपं ते केलं जातं, गप्प बसलं जातं.

हातात पत्र असलं तरी खात्री नसते, हेही गेल्या काही वर्षांत दिसलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रोनं वर्षाला साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या नव्या पदवीधरांना विचारलं, साडेतीन लाखांवर येता का? इन्फोसिसनं २०२२ च्या बॅचमधून निवडलेल्या सुमारे दोन हजार मुलामुलींना रुजू होण्यासाठी दोन वर्षं ताटकळत ठेवलं. पुण्यातल्या 'नाइट्स' या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेनं २०२४ मध्ये केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली, तेव्हा हालचाल झाली. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हैसूरच्या प्रशिक्षण केंद्रातून तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना अंतर्गत परीक्षेत नापास झाल्याचं सांगून घरी पाठवलं. तिथे सगळेच एका रांगेत अडकले होते.

हे आधी सांगितलं, कारण प्रत्येक नकाराचं उत्तर 'आपलं नाव' असं देऊन टाकलं तर दोन तोटे होतात. सुधारता येण्यासारखं जे असतं ते आपण सुधारत नाही. आणि लहान भाऊ-बहीण ऐकत असतात, ते अर्ज करणंच सोडून देतात.

मग नावाचा काही संबंधच नाही का?

आहे. ते मोजलं गेलं आहे.

मे २०१५ मधली मुंबईची घटना तुमच्यातल्या मोठ्यांना आठवत असेल. कुर्ल्याचा जीशान अली खान हा एमबीए झालेला तरुण. त्यानं हरिकृष्ण एक्स्पोर्ट्स या हिऱ्यांच्या कंपनीत मेलवर अर्ज केला. पंधरा-वीस मिनिटांत उत्तर आलं, आम्ही फक्त बिगर-मुस्लिम उमेदवार घेतो. त्यानं ते उत्तर लोकांसमोर ठेवलं, पोलिसांत गुन्हा दाखल झाला, राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगानं दखल घेतली. कंपनीचं म्हणणं होतं की ही एका प्रशिक्षणार्थी एचआर कर्मचाऱ्याची चूक आहे, आमचं असं धोरण नाही. जीशानसोबतच अर्ज केलेल्या त्याच्या दोन हिंदू मित्रांना त्या कंपनीत नोकरी मिळत होती. त्यांनी ती नाकारली. ही गोष्ट आपण सांगताना विसरतो. विसरू नका.

त्या प्रकरणात वेगळं काय होतं? कुणीतरी ते लिहून टाकलं, एवढंच वेगळं होतं. एरवी असं कुणी लिहीत नाही. मग न लिहिलेलं ओळखायचं कसं?

त्यासाठी संशोधकांची एक साधी पद्धत आहे. एकाच जाहिरातीला सारख्याच शिक्षणाचे, सारख्याच अनुभवाचे अर्ज पाठवायचे. फरक फक्त नावाचा. मग कुणाला बोलावणं येतं ते मोजायचं. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकी समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी ही पद्धत भारतात वापरली. २००५ च्या ऑक्टोबरपासून ६६ आठवडे वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. निष्कर्ष २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये छापून आले. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश होती. मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश.

दुसरा अभ्यास मुलींसाठी महत्त्वाचा आहे. 'लेड बाय फाउंडेशन' या संस्थेनं २०२२ मध्ये तो प्रसिद्ध केला. एक हजार जागांसाठी दोन-दोन अर्ज, पात्रता तंतोतंत सारखी, एका अर्जावर हिंदू मुलीचं नाव, दुसऱ्यावर मुस्लिम मुलीचं. फोटो कुणाचाच नाही. हिंदू नावाला २०८ ठिकाणांहून होकारार्थी उत्तर आलं. मुस्लिम नावाला १०३ ठिकाणांहून.

हे आकडे नीट समजून घ्या. १०३ म्हणजे शून्य नव्हे. 'आपल्याला कुणी घेतच नाही' हे खोटं आहे. पण २०८ आणि १०३ हे सारखेही नाहीत. 'गुणवत्ता असली की सगळं मिळतं' हेही खोटं आहे. माझे ते दोन मित्र दोघेही अर्धवट बरोबर होते. आणखी एक गोष्ट. या अभ्यासात अर्ज गेलेल्या कंपन्यांपैकी कुणीही एका अर्जापुरतं बघितलं असतं तर काही दिसलं नसतं. हजार जागांचे अर्ज एकत्र ठेवल्यावर ते दिसलं.

यंत्राकडे काम दिलं की हा प्रश्न सुटेल, असं आमच्या क्षेत्रातले पुष्कळ लोक मानतात. अ‍ॅमेझॉननं रेझ्युमे निवडणारं एक सॉफ्टवेअर तयार करून बघितलं होतं. त्याला शिकवायला आधीच्या दहा वर्षांत आलेले अर्ज वापरले. त्यात पुरुष जास्त होते, म्हणून यंत्रानं शिकून घेतलं की पुरुष बरे. रेझ्युमेमध्ये 'महिलांचा' असा शब्द आला, समजा महिलांच्या बुद्धिबळ क्लबची कप्तान, की गुण कापायचं. कंपनीनं तो प्रकल्प गुंडाळला आणि २०१८ मध्ये ही बातमी बाहेर आली. यंत्र आपल्याकडूनच शिकतं, आपल्या सवयींसकट.

कायद्यात काय आहे

संविधानाचं सोळावं कलम सरकारी नोकरीत धर्म, जात, लिंग यांवरून भेदभाव करायला मनाई करतं. ते सरकारला लागू आहे. खासगी कंपनीनं धर्म बघून नोकरी नाकारली तर थेट दाद मागता येईल असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. अपंग व्यक्तींसाठी २०१६ चा कायदा आहे, एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी २०१७ चा, ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी २०१९ चा. स्त्री-पुरुष समान वेतनाची तरतूद १९७६ पासून आहे. म्हणजे खासगी क्षेत्राला असे नियम लावता येतात, हे देशानं मान्य केलेलं आहे. धर्म आणि जात तेवढी बाहेर राहिली.

सच्चर समितीनं २००६ मध्ये समान संधी आयोगाची शिफारस केली होती. असा आयोग फक्त मुसलमानांच्या कामाचा नसता. भाड्याच्या घरापासून नोकरीपर्यंत ज्याला ज्याला दार लावलं जातं, त्याला जायला एक जागा झाली असती. तो आयोग अजून झालेला नाही. ही मागणी आपण नागरिक म्हणून करत राहायची आहे, आणि ज्यांच्यावर हाच अन्याय होतो त्या सगळ्यांना सोबत घेऊन करायची आहे.

पण आयोग होईपर्यंत तुम्ही थांबू शकत नाही. म्हणून आता कामाचं बोलतो.

आपल्या हातात काय आहे

एक. वही ठेवा. मोबाइलमधली एक्सेल शीट चालेल, शंभर पानी वहीही चालेल. अर्जाची तारीख, पद, जाहिरात कुठे बघितली, कितवी फेरी झाली, शेवटचं बोलणं कधी झालं, उत्तर काय आलं. हे लिहिलं की दोन गोष्टी होतात. दहा अर्जांनंतर तुम्ही कुठे अडकता ते कळतं. चाचणीतच गळत असाल तर अ‍ॅप्टिट्यूडचा सराव कमी पडतो, एचआरच्या फेरीत गळत असाल तर बोलण्याचा. आणि मन थोडं हलकं होतं, कारण 'माझं काहीच होत नाही' या वाक्याच्या जागी 'बावीस अर्ज, चार चाचण्या, एक मुलाखत' असं वाक्य येतं.

दोन. उत्तर मागा. मुलाखत झाल्यावर सात दिवस थांबा आणि तीन ओळींचा नम्र मेल लिहा: अमुक तारखेला मुलाखत झाली, निर्णय कळवावा, निवड झाली नसल्यास कुठे कमी पडलो ते कळवलं तर आभारी राहीन. आपल्याकडची मुलं हे लिहायला बिचकतात. त्यांना वाटतं साहेब रागावतील. तुम्ही तुमचा वेळ दिला आहे, दारव्हा-दिग्रसहून रात्रभर ट्रॅव्हल्सनं पुण्याला जाऊन आला आहात. 'नाही' ऐकण्याचा तरी हक्क तुमचा आहे. दहापैकी आठ जण उत्तर देणार नाहीत. दोन देतील, आणि त्या दोघांकडून तुम्ही काहीतरी शिकाल.

तीन. लेखी ऑफर आणि रुजू होण्याची तारीख हातात येईपर्यंत चालू नोकरीचा राजीनामा देऊ नका आणि दुसरीकडचे अर्ज थांबवू नका. मोहल्ल्यात मिठाई तर अजिबात वाटू नका.

चार. नोकरीसाठी पैसे मागणारी कंपनी खोटी. डिपॉझिट, ट्रेनिंग फी, लॅपटॉपची अनामत, नाव काहीही असो. दुचाकी गहाण टाकून असे पैसे भरणारी पोरं मी आपल्याच जिल्ह्यात बघितली आहेत.

पाच. मला नेहमी विचारतात, रेझ्युमेवर पूर्ण नाव लिहू की नुसतं आद्याक्षर? फोटो, धर्म, जात, वडिलांचं नाव, लग्न झालं की नाही, घराचा पूर्ण पत्ता, हे कुणाच्याच रेझ्युमेवर असायची गरज नाही, काढून टाका. नाव मात्र तुमचं आहे. ते ठेवा. ते लपवून मिळवलेल्या नोकरीत रोज सकाळी हजेरीला तेच नाव लागणार आहे.

सहा. कुणी उघड बोललं किंवा लिहिलं तर शांतपणे जपून ठेवा. मूळ मेल पुसू नका, स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ लिहून ठेवा. फोनवर बोलणं झालं असेल तर लगेच मेल करा की 'आपण आत्ता असं असं म्हणालात, मी बरोबर ऐकलं ना?' मग कंपनीच्या वरिष्ठांना, अल्पसंख्याक आयोगाला, गरज पडली तर पोलिसांना लिहा. आधी व्हॉट्सअ‍ॅपवर आणि नंतर तक्रार, असा क्रम करू नका.

सात. ओळख वापरा. कंपन्यांत आतल्या माणसानं नाव सुचवणं, ज्याला रेफरल म्हणतात, ही रीतसर पद्धत आहे. अर्ज वाचला जाण्याची खात्री त्यानं वाढते, पुढची मुलाखत तुम्हालाच द्यायची असते. आपली अडचण अशी की आपल्या ओळखीत आत बसलेले लोकच थोडे आहेत. म्हणून जे आत आहेत त्यांच्यावर जबाबदारी आहे. त्यांनी उर्दू शाळेतल्या मुलाचंही नाव सुचवावं आणि शेजारच्या तांड्यावरच्या मुलीचंही.

जे आत आहेत त्यांच्यासाठी

या सभागृहात काही जण नोकरीला लागलेले आहेत. उद्या तुम्ही टेबलाच्या पलीकडे बसाल. तेव्हा तीन गोष्टी करा. एका पदासाठी सगळ्यांना तेच प्रश्न विचारा. आपसात चर्चा करण्याआधी प्रत्येकानं आपले गुण कागदावर लिहून टाका. आणि कुणी म्हणालं, "मुलगा हुशार आहे, पण आपल्या टीममध्ये फिट होणार नाही," तर विचारा, फिट म्हणजे काय? कुठल्या कामात अडचण येईल? नाव अनेकदा तिथेच आडवं येतं, 'फिट' या शब्दाच्या मागे. हा प्रश्न विचारला की समोरच्याला काहीतरी ठोस सांगावं लागतं, नाहीतर मुद्दा सोडावा लागतो.

माझ्या टीममध्ये आम्ही एक नियम केला आहे. ज्यानं मुलाखत दिली त्याला पाच कामाच्या दिवसांत उत्तर जाईल, 'नाही' असलं तरी, आणि सोबत कारणाची एक ओळ. हा नियम मान्य करून घ्यायला मला जवळपास वर्ष लागलं. एचआरची भीती होती की लोक भांडतील. आतापर्यंत कुणी भांडलं नाही. उलट नाकारलेल्या उमेदवारांचे आभाराचे मेल येतात. त्यातली एक मुलगी आठ महिन्यांनी पुन्हा आली, सांगितलेली उणीव भरून काढून आली, आणि आज ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसते.

आणि एक गोष्ट आपल्याच घरातली. आपल्या दुकानात, गॅरेजमध्ये, शाळेत, दवाखान्यात माणूस ठेवताना आपण काय करतो? कित्येकदा आपली बिरादरी बघतो, भाच्याला ठेवतो, मुलीला विचारतो 'शादी कब है?' जी मुलगी बुरखा घालते तिला एक जण नाकारतो आणि जी घालत नाही तिला दुसरा. शाळेतल्या शिक्षकाच्या जागेला किती पैसे लागतात हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. कंपनीकडून न्याय मागताना हे सगळं आपल्या दारात चालू असेल तर आपला आवाज बसतो. आपल्या दुकानात कामाला आलेल्या पोरालाही 'कल आना, परसों आना' न करता त्याच दिवशी हो किंवा नाही सांगता येतं. तिथून सुरुवात करायला कुठला कायदा लागत नाही.

आता माझा प्रस्ताव. इथे आज साठ-सत्तर जण बसले आहेत. प्रत्येकानं सहा महिने ती वही ठेवायची. सहा महिन्यांनी इथेच जमायचं आणि वह्या एकत्र करायच्या. कुणाचं नाव न घेता फक्त आकडे मांडायचे. किती अर्ज, किती उत्तरं, किती वेळा शांतता, कुठल्या फेरीत. यातून मोठं संशोधन होणार नाही, तसा दावाही करायचा नाही. पण कुठली तयारी कमी पडते, कुठली अट अन्यायाची आहे आणि कुठे खरंच संशयाला जागा आहे, हे आपल्याला वेगवेगळं दिसायला लागेल. दुसऱ्या कॉलेजांतली, दुसऱ्या समाजांतली मुलं यात आली तर फार बरं, त्यांनाही बोलवा.

मी त्या दिवशी येईन. वह्या मात्र तुम्ही आणायच्या.

आता तुमचे प्रश्न घेऊ. मुली मागे बसल्या आहेत, पहिला प्रश्न तिकडून येऊ द्या.